पाण्याचा डाग

चादरींच्या कारखान्यात डाग शोधायचं काम करणाऱ्या बाईला सगळे भिंगताई म्हणत, पण तिच्याकडे भिंग नव्हतं. त्याची तिला गरजच पडत नसे. टेबलाच्या काचेखाली चार ट्यूबलाइट जळत असायच्या, वरून पांढरी चादर हळूहळू पुढे सरकायची, आणि बाकीच्या तिघींना जिथे नुसतं पांढरंच दिसायचं तिथे ही नेमकं बोट ठेवायची. मग त्या जागी चिकटपट्टी, आणि पट्टीवर डागाचं नाव. तेल, गंज, शाई, घाम, पाणी.

नाव महत्त्वाचं होतं. डाग नुसता दिसून भागत नसे. गंजाच्या डागाला धुलाईखात्याने चुकून ब्लीच लावलं की तो जन्माचा पक्का होतो, आणि मग ती चादर कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. त्यामुळे नाव चुकणं हा डाग न दिसण्यापेक्षा मोठा गुन्हा. अठरा वर्षांत भिंगताईने लिहिलेलं नाव धुलाईखात्याने एकदाही परत पाठवलं नव्हतं. ती हे कुणाला सांगत फिरत नसे, पण विसरतही नसे.

आणि गेले पाच महिने ही बाई स्वतःच झिरपत होती.

पाच महिन्यांपूर्वी तिची पिशवी काढली होती. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, दर महिन्याला रक्त थांबायचं नाव घेत नव्हतं, आणि टेबलाशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ऑपरेशन व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल तिची आजही तक्रार नव्हती. घरी आल्यावर नवव्या दिवशी ती पलंगावरून उठली आणि काहीतरी कोमट पायांवरून घोट्यापर्यंत ओघळलं. तिला वाटलं, धरून ठेवायला जमलं नाही. तिने फरशी पुसली. तासाभराने पुन्हा पुसली. त्यानंतर पुसायचं थांबलंच नाही.

ते खोकल्यावर जात नव्हतं, शिंकल्यावर जात नव्हतं, जड उचलल्यावर जात नव्हतं. ते नुसतंच जात होतं. बसल्यावर, उठल्यावर, आडवं पडल्यावर, नळ नीट बंद न केल्यासारखं. आणि गंमत म्हणजे ती संडासात गेली की लघवीही होत होती, थोडी कमी, पण रीतसर.

पंधराव्या दिवशी तपासणीला बोलावलं होतं. बरोबर वन्सं होत्या. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरी राहत होत्या, आणि त्याच हॉस्पिटलात बावीस वर्षं आयाचं काम करत होत्या. हॉस्पिटलचा विषय निघाला की त्या "आमचे डॉक्टर", "आमचा वॉर्ड" असं बोलत, आणि भिंगताईचं ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनी स्वतः केलं ते वन्संच्या शब्दाखातर, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

नोंदणीच्या खिडकीत एक नर्स छापील कागद भरत होती. मागे रांग. रांगेत बायकांबरोबर आलेले नवरे, भाऊ, एक म्हातारे सासरे.

"काय तक्रार?"

"अंगावरून जातंय."

"लाल की पांढरं?"

कागदावर दोनच चौकोन होते. भिंगताईने ते उलटे वाचले. शब्द तिच्या जिभेवर होता. लघवी. तीन अक्षरी शब्द, लहान मुलांबद्दल आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांबद्दल खुशाल मोठ्याने बोलतात तो. पण त्रेचाळीस वर्षांच्या, दोन पायांवर उभ्या असलेल्या बाईने तो स्वतःबद्दल रांगेसमोर उच्चारायचा म्हणजे काय. शेजारी वन्सं फाइल छातीशी धरून उभ्या होत्या.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी म्हणजे पांढरंच." नर्सने दुसऱ्या चौकोनात खूण केली. "पुढच्या."

तिथून पुढे पाच महिने ती खूण तिच्या पुढे चालत राहिली आणि ती खुणेच्या मागे. आधी सात दिवसांच्या गोळ्या. मग आत ठेवायच्या गोळ्या. मग नवऱ्यालाही गोळ्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. दर वेळी खुर्चीत नवा डॉक्टर, पण कागद तोच. तो पहिली ओळ वाचायचा, पांढरं जातं, आणि त्याखाली दुसरं औषध लिहायचा. तिच्याकडे बघायची वेळ कुणावर आली नाही.

नवरा मोटार शिकवायच्या शाळेत होता. शिकाऊ लोकांशेजारी बसून दिवसभर ब्रेकवर पाय ठेवायचा, त्यामुळे त्याला मनातलं न बोलायची सवय होती. एक दिवस त्याने प्लास्टिकचा जाड कागद आणून तिच्या गादीखाली घातला. आठवड्याने म्हणाला, "माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते, मी बाहेरच्या खोलीत पडतो." तो घोरत नव्हता. त्या कागदाच्या कुरकुरीने त्याची झोप मोडत होती.

कारखान्यात ती सुती कापडाच्या जाड घड्या घेऊन जायची, दर दीड तासाने बदलायची, ओल्या पिशवीत बांधून परत आणायची. मांड्यांची कातडी सोलल्यासारखी झाली होती. वासासाठी तिने एक स्वस्त अत्तर घेतलं.

"काय ओ भिंगताई," इस्त्रीवाली एकदा म्हणाली, "कुणावर एवढी फवारणी?"

"डासांवर."

"डास असे मरत नाहीत. नवरे मरतात."

सगळ्या हसल्या. भिंगताईही हसली, आणि हसताना पाय जवळ घेतले. त्याचा काही उपयोग नव्हता, हे तिला तोपर्यंत चांगलं कळलं होतं.

त्या आठवड्यात तिचे पाय फार दुखत होते, आणि दुपारी ती तपासून झालेल्या चादरींच्या गठ्ठ्याच्या कडेला जेमतेम दोन मिनिटं टेकली. संध्याकाळी सुपरवायझर एक चादर घेऊन आला. वरचीच. मध्ये फिकट पिवळसर गोल, कडेला गडद रेघ.

"भिंगताई, हा कसला?"

तिला बघायचीही गरज नव्हती. तिघीजणी ऐकत होत्या.

"पाण्याचा," ती म्हणाली. तिने पट्टी लावली, पट्टीवर आपल्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, पाणी.

दोन दिवसांनी ती चादर परत आली. धुलाईखात्याने पट्टीवर काट मारून खाली लिहिलं होतं, पाणी नाही.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं, चादर टेबलाखाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"मला काही विचारायचं नाहीये. बायकांचं काय असतं ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण पांढऱ्या मालाच्या खात्यात... तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू, साहेब."

"डॉक्टरची चिठ्ठी आणा. आजार काय, कशामुळे झाला, बरा होणार की नाही. ऑपरेशनमुळे झालेलं असेल तर नियम आहे, तीन महिने तुमची जागा ठेवतो, कुणी हात लावणार नाही. वयामुळे असेल तर..." त्याने घड्याळावरून नजर काढून दाराकडे नेली. "वयाला रजा नसते, भिंगताई. मग दुसरी बाई बघावी लागेल."

"किती दिवसांत?"

"पंधरा."

ती बाहेर आली तेव्हा तिला जागेचीच जास्त काळजी वाटत होती, शरीराची नाही. शरीराचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते टेबल मात्र तिचं होतं. त्या काचेपुढे ती कुणाची वहिनी नव्हती, कुणाची बायको नव्हती. तिथे तिचं बोट पडलं की चार माणसं थांबत.

इस्त्रीवालीने तिला जिन्यात गाठलं. ती तोंडाने फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही.

"जळजळ होते का?"

"होते."

"मग हे घ्या." तिने पर्समधून अर्धी राहिलेली गोळ्यांची पट्टी काढली. "मला लघवीला जळजळ व्हायची तेव्हा दिल्या होत्या. आराम पडतो. फक्त लघवी नारिंगी होते, घाबरू नका. माझा नवरा घाबरला होता. त्याला वाटलं मी पेटले."

गोळी दुपारी घेतली. संध्याकाळी भिंगताईने न्हाणीघरात घडी बदलली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली. घडी नारिंगी होती. कडेला नाही, ठिपक्यांत नाही, मध्यापासून बाहेर पसरत गेलेला स्वच्छ, एकसारखा नारिंगी.

एखादी दुसरी बाई घाबरली असती. भिंगताई स्टुलावर बसली आणि तिने विचार केला, तसाच, जसा ती टेबलाशी करायची. गोळीने लघवी नारिंगी होते. पांढरं जाणं लघवीच्या वाटेचं नाही, त्याला गोळी रंग देणार नाही. मग ज्याला पाच महिने पांढरं म्हटलं ते नारिंगी कसं झालं?

एका डागावर विश्वास ठेवायची तिची पद्धत नव्हती. पुढचे तीन दिवस तिने गोळी घेतली आणि दर घडीवर पेनाने वेळ लिहिली. संडासात जाऊन आल्यावर लगेच एक. अर्धा तास आडवं पडून एक. न खोकता, न हलता, खुर्चीत बसून एक. सगळ्या नारिंगी. मग दोन दिवस गोळी बंद. सगळ्या पुन्हा फिक्या. गोळीच्या दिवसांत संडासात होणारी लघवीही अशीच नारिंगी होती. म्हणजे उगम एकच होता आणि वाटा दोन. एक देवाने दिलेली. दुसरी कुणी दिली, ते विचारायचं होतं.

पंधरापैकी आठ दिवस गेले होते. तिने वन्संना काही सांगितलं नाही. घड्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर न थांबता थेट छोट्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी जाऊन बसली. या बाई नवीन होत्या, भिंगताईच्या भाचीच्या वयाच्या. दोन तासांनी आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सवयीने फाइल उघडली आणि पहिल्या ओळीवर पेन ठेवलं.

"ते वाचू नका," भिंगताई म्हणाली. "ते चुकीचं आहे. मीच चुकीचं सांगितलं." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "ही लघवी आहे. आणि ती लघवीच्या जागेतून येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. घड्यांवरच्या वेळा वाचल्या, सगळ्या, एकही न गाळता.

"हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही. माझं कामच ते आहे."

मग पडद्याआडचं टेबल. लघवीच्या मार्गात बारीक नळी, नळीतून निळं पाणी, आणि योनीत एकावर एक असे कापसाचे तीन बोळे. दहा मिनिटं चालायला लावलं. भिंगताई त्या लहानशा खोलीत खिडकीपासून दारापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत होती आणि फेऱ्या मोजत होती. नंतर बोळे एकेक करून काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले. सगळ्यात बाहेरचा कोरडा, पांढरा. मधल्यावर निळसर छटा. सगळ्यात आतला निळाशार.

"मला सांगायला नको," भिंगताई म्हणाली. "वरून आलंय."

"हो. तुमची लघवीची पिशवी आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलंय. लहान आहे, पेन्सिलीच्या शिसाएवढं. लघवी तिथून सतत गळते."

"म्हणजे एक पिशवी काढताना दुसरीला भोक पडलं."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "होऊ शकतं. दोन्ही पिशव्या एकमेकींना चिकटून असतात. चांगल्या हातूनही होतं."

"शिवता येतं?"

"येतं. बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं. मोठ्या हॉस्पिटलात माझे सर आहेत, ते हेच करतात. मी पत्र देते."

"आणि पाच महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढायला जरा जास्तच वेळ घेतला. "अगदी सुरुवातीला कळलं, तर नळी ठेवून पिशवी रिकामी ठेवतात. कधीकधी एवढं लहान छिद्र आपोआप बुजतं. कधीकधी. नक्की सांगता येत नाही."

भिंगताईने मान डोलावली. नर्सचा चौकोन आठवला, रांगेतले सासरे आठवले. एक शब्द गिळला होता, तो पाच महिने पायांवरून ओघळत होता.

"ऑपरेशननंतर नळी होती तेव्हा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लघवी लाल आली होती का?"

तिसरा दिवस. पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी रिकामी करायला वन्सं वाकल्या होत्या आणि वाकलेल्याच राहिल्या होत्या. हिने अर्धवट गुंगीत विचारलं होतं, काय झालं. वन्सं म्हणाल्या होत्या, काही नाही, भरली होती.

"मी पाहिली नाही," भिंगताई म्हणाली. "पण पाहणारं माणूस आहे."

कारखान्याला द्यायच्या चिठ्ठीवर रीतीप्रमाणे मोठ्या डॉक्टरांची सही घ्यायची होती, ऑपरेशन त्यांचं म्हणून. ते आले, ट्रेकडे एकदा पाहिलं, फाइल चाळली. आवाज शांत होता, जवळजवळ मायेचा.

"बाई, तुम्ही पाणी जातं असं सांगितलंत. इथे लिहिलंय. लघवी म्हणाला असता तर तेव्हाच बघितलं असतं. आम्ही काय मनातलं ओळखायचं?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी चिठ्ठी लिहिली. आजार: मूत्राशयाला छिद्र. कारण: वाढतं वय व ऊतींचा अशक्तपणा.

"कारण ऑपरेशन आहे," भिंगताई म्हणाली.

"ऑपरेशन स्वच्छ झालं. आत इजा झाली असती तर लघवीत रक्त आलं असतं. आलं असतं तर वॉर्डच्या वहीत नोंद असती." ते दाराकडे वळले. "आयाबाईंना वही आणायला सांगा. बाईंची खात्री होऊ दे."

वही घेऊन आल्या त्या वन्संच. भिंगताईला तिथे बघून त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी वही उघडून बरोबर त्या पानावर ठेवली, फार शोधावं लागलं नाही. तिसरा दिवस, पलंग अकरा. किती: सहाशे. रंग: पिवळा. अक्षर वन्संचं, गोल, शाळकरी.

"झालं?" मोठे डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात वॉर्डमधून हाक आली, ते गेले, आणि छोट्या डॉक्टरीणबाईही त्यांच्यामागे गेल्या.

खोलीत दोघी उरल्या. भिंगताईने पान बोटाने चाचपलं. 'पिवळा' हा शब्द बाकीच्या पानापेक्षा केसभर वर होता. तिने वही उचलली, ते एकच पान सरळ उभं धरलं आणि खिडकीच्या उजेडासमोर आणलं. पांढऱ्या शाईच्या थराखाली दुसरी अक्षरं होती, त्याच गोल वळणाची. लाल.

"वहिनी, वही खाली ठेवा."

भिंगताईने ठेवली नाही. "हे तुमचं अक्षर आहे. दोन्ही तुमची आहेत."

"मी खरं तेच लिहिलं होतं. त्याच वेळी." वन्संनी जाऊन दार लोटून घेतलं. "फेरीला डॉक्टर आले, म्हणाले, थोडं रक्त येतंच, उगाच घबराट नको, पिवळा कर. मी केलं. ते सांगतात ते करायला ठेवलंय मला इथे."

"मला सांगायचं होतं."

"तुम्ही झोपला होता."

"तेव्हा झोपले होते. पाच महिने झोपले नव्हते, वन्सं."

वन्संनी ट्रेमधले बोळे सरळ केले. ते सरळच होते.

"मला काय माहीत छिद्र नि काय. मी डॉक्टर आहे का? मला वाटलं, रक्त आलं, थांबलं."

"माझ्या घड्या दोरीवरून तुम्ही काढता. बावीस वर्षं लघवीच्या पिशव्या ओतताय. तुम्हाला वास ओळखू आला नाही?"

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. चाकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"आला," वन्सं म्हणाल्या.

"मग त्या खिडकीत माझ्या शेजारी उभ्या होतात, तेव्हा?"

"तुम्ही पाणी म्हणालात, वहिनी." त्या जमिनीकडे बघत होत्या. "मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, हिलाच जर पाणी वाटतंय तर असेल पाणी."

भिंगताईला वाटलं होतं की राग येईल. आला तो राग नव्हता, ओळख होती. तो शब्द दोघींनी मिळून पांघरला होता. हिने लाजेसाठी, त्यांनी नोकरीसाठी, आणि दोघींत मिळून भिजली एकटी ही.

"आता काय करणार आहात?" वन्संनी विचारलं.

"हे पान दाखवणार."

"तीन वर्षं राहिलीत माझी. डॉक्टर म्हणतील, आयाने स्वतःच्या मनाने खाडाखोड केली. त्यांची सही कुठेच नाही. अक्षर माझं आहे. त्यांना काही होणार नाही, माझं सगळं जाईल."

"हो," भिंगताई म्हणाली. ते खरंच होतं, आणि ते खोटं आहे असं वन्संना सांगून त्यांचं समाधान करायची तिची इच्छा नव्हती.

"मी तुमची मोठी नणंद आहे. त्या घरात तुम्ही आलात तेव्हा..."

"माझ्याकडे सात दिवस आहेत, वन्सं. तुम्हीच बोललात तर मी बोलणार नाही. डॉक्टरीणबाई येतील आता. तुमच्या तोंडाने सांगा."

दार उघडलं. डॉक्टरीणबाई आल्या, आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "काय झालं?"

वन्संनी तोंड उघडलं. भिंगताई थांबली, मनात वीसपर्यंत मोजून थांबली.

"वही न्यायची होती," वन्सं म्हणाल्या, आणि हात पुढे केला.

तेव्हा भिंगताईने वही टेबलावर ठेवली आणि नखाने पांढरी शाई खरवडायला सुरुवात केली. पान फाटू न देता, कडेकडेने, कापडावरचा मेणाचा थेंब काढावा तशी. थराचे कपचे पडत गेले. आधी ल आला, मग काना.

डॉक्टरीणबाईंनी शब्द वाचला. मग त्यांनी पानाचा फोटो काढला, नवा कागद घेतला आणि स्वतःच्या नावाने दुसरी चिठ्ठी लिहिली. कारण: गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर. वन्सं तोवर निघून गेल्या होत्या. वही तिथेच राहिली होती.

सुपरवायझरने चिठ्ठी दोनदा वाचली आणि फाइलला लावली. "तीन महिने. जागा तुमचीच." त्याला खरंच आनंद झाला होता.

वन्संना दहाव्या दिवशी घरी बसवलं, नोंदीत खाडाखोड केल्याबद्दल. मोठ्या डॉक्टरांना काही विचारलं की नाही, ते कुणाला कळलं नाही. छोट्या डॉक्टरीणबाईंची बदली दुसऱ्या विभागात झाली. नवरा तिला फक्त एकच वाक्य बोलला, "एका कागदासाठी ताईला घरी आणून बसवलंस." त्यावर तिने विचारलं, "आणि मला पाच महिने भिजत ठेवलं ते कशासाठी?" तो चपला घालून बाहेर गेला. त्यानंतर त्या घरात जेवण वाढण्यापुरतंच बोलणं उरलं.

मोठ्या हॉस्पिटलात छिद्र शिवलं. टाका धरला, असं तिथले सर म्हणाले, पण तीन आठवडे नळी ठेवायची, पिशवी वेळच्या वेळी रिकामी करायची, रंगावर लक्ष ठेवायचं, आणि वाकायचं अजिबात नाही. नवऱ्याला त्यातलं काही येत नव्हतं. इस्त्रीवाली एक दिवस येऊन गेली, तिची कामाची वेळ आड आली. घरात हे काम येणारं माणूस एकच होतं, आणि त्याला आता दुसरं काही काम नव्हतं.

दर सहा तासांनी वन्सं येत. बोलत नसत. पलंगाशी गुडघे टेकून बसत, पिशवीची खालची तोटी उघडत, भांडं धरत, तोटी पुसून बंद करत. हात सरावलेले होते, एक थेंब इकडेतिकडे जात नसे.

"रंग?" भिंगताई विचारायची.

"पिवळा."

भिंगताई कोपरावर जोर देऊन हळूहळू उठायची, टाके ओढले जायचे तरी, आणि भांडं जवळ मागायची. वन्सं ते पुढे करायच्या. रंग पिवळाच असायचा. मग ती परत आडवी व्हायची, वन्सं भांडं घेऊन जायच्या, आणि सहा तासांनी ती पुन्हा विचारायची.